ऑल राइट म्हणायची सवय

लीड्स, रविवार

लाडक्या हिल्डास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

खोली उबदार आहे, सूप रोज करून घेतो. तुझा गुडघा कसा आहे? मांजर घरी आलं का?

इथंही माणसं जिन्यात भेटली की "ऑल राइट?" विचारतात. ठीक ना, एवढंच. उत्तराला मात्र कुणी थांबत नाही. आपणही "ऑल राइट" म्हणायचं आणि वाटेला लागायचं. आपल्या गावात निदान हवेबद्दल तरी बोलायचे.

मंगळवारी सकाळी मी न्हाणीघरात घसरून पडलो. उठता येईना. तेवढ्यात शेजारच्या मॉरीनबाईंनी दाराबाहेरून विचारलं, "काय हो क्लिफ, ऑल राइट?" जन्माची सवय बघ, मी फरशीवरूनच ओरडलो, "ऑल राइट!" बाई निघून गेल्या.

संध्याकाळी माझा दिवा दिसेना म्हणून त्या परत आल्या. "तोंड काय फक्त चहा प्यायला दिलंय का तुम्हाला?" म्हणून रागावल्या आणि रडल्याही. हाड मोडलेलं नाही, घाबरू नकोस. नुसतं काळंनिळं झालंय.

तूही दर पत्रात तेच विचारतेस, आणि मी तेच लिहितो. या वेळी खरं सांगतो, हिल्डा. मला इथं एकट्याला भीती वाटते. चार दिवस येशील का?

तुझाच,
क्लिफ