धूरमुक्त वारसा

३ मे, सकाळी ७
नवा रस्ता थेट आमच्या घरावरून आखलाय. पणजोबांनी बांधलेलं घर आणि शेजारचा गोठा जुन्या वास्तू म्हणून मान्य झाले, तर रस्ता वळेल. वारसा समिती पाहणीला ऑक्टोबरात येणार. आमच्या नावडे गावात हे समजणारा मी एकटा.

५ मे
निर्णय: घरातली चूल बंद. काजळी फोटोत वाईट दिसते. गोजरावहिनींना चूल गोठ्यात न्यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, भावजी, धूर हाय म्हनून वाळवी नाय. मी पदवीधर आहे. वाद घातला नाही.
वामनदादा म्हणाला, आता आमालाबी काचंच्या पेटीत ठेव. हसलो नाही.

९ मे
खांबांवरची काजळी घासली. पाठ गेली. ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली. दादा पाटीलाच टेकून बसतो. बोलणार आहे. उद्या.

२२ जुलै
मधल्या खांबावर मातीच्या बारीक रेषा. वहिनी म्हणाल्या, आली बघा तुमची पावनी. काहीतरीच. ही जुन्या लाकडाची नैसर्गिक नक्षी. फोटो काढून फाईलला लावला.

१४ सप्टेंबर
दादा ओरडला, औषध मार, नायतर घर जाईल, मग तुझ्या फाईलीत राहू का आमी? केमिकल वारशाला घातक. खांबाला वॉर्निश दिलं. चकाचक.
दुपारी वर काहीतरी करकरलं. वारा असेल. तरी अंथरूण खांबापासून लांब घेतलं. वारा नव्हता.

६ ऑक्टोबर, सकाळी १०
समितीच्या प्रियदर्शिनी मॅडम अकराला येणार. टेन्शन अजिबात नाही. शर्ट तीनदा बदलला.

६ ऑक्टोबर, दुपारी १
मॅडमनी खांबाला पेन टेकवलं. आत गेलं. अख्खं. काढायची हिंमत कुणालाच झाली नाही. त्यांनी हळू आवाजात विचारलं, चूल कधीपासून बंद आहे? मी फाईल पुढे केली. ‘नैसर्गिक नक्षी’ वाचून त्यांनी ती मिटली. मग गोठ्यात वहिनींशी पाऊण तास बोलल्या. माझ्याशी बोलायचं राहून गेलं असावं.

३० ऑक्टोबर
अहवाल आला. गोठा उत्तम स्थितीत, जतन करावा. घर धोकादायक, उतरवावं. रस्ता तिथूनच जाईल. देखभालीसाठी नाव: गोजराबाई. माझं नाव टायपिंगमध्ये सुटलं असणार. अर्ज करतो.

१६ नोव्हेंबर
घर उतरवलं. सामान गोठ्यात. दादा दिवसभर कौलं मोजल्यासारखा नुसता बघत राहिला. वहिनींनी चुलीपाशी पाट मांडला, म्हणाल्या, बसा भावजी, भाकरी गरम हाय. बसलो. डोळ्यांतून पाणी थांबेना.
धूर फार.