चटणीच्या वाटीतला शिपाई

गिरीशकाका,

परवाचं पॉटलक आठवलं की अजून शिसारी येते. तुमच्या शुगर लँडच्या घराच्या गराजमध्ये, पिंगपाँगच्या टेबलावर तुम्ही दुसऱ्या महायुद्धातला एक अख्खा दिवस खेळायला मांडला होतात. एका बाजूला समुद्र आणि प्लास्टिकच्या युद्धनौका, दुसऱ्या बाजूला इटलीतल्या टेकड्या. मूर्खासारखी मीच बोलून गेले, "काका, माझे पणजोबा याच टेकडीवर लढताना गेले, याच दिवशी."

"अरे वा! मग हे घे तुझे पणजोबा," म्हणत तुम्ही एक हिरवा शिपाई माझ्या हातात दिलात. लोकांनी फोटो काढले. थोड्या वेळाने फासे पडले आणि टेकडी शत्रूकडे गेली. "सॉरी जागृती, पणजोबा आउट!" म्हणून तुम्ही त्यांना टिचकीने उडवलंत, ते थेट पुदिन्याच्या चटणीत. सगळे खो खो हसले.

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण पुढच्या रविवारीही पॉटलक तुमच्याकडेच आहे, आणि मी ढोकळा घेऊन येणार आहे. फक्त तो शिपाई शोधत बसू नका. मी त्याला धुऊन घरी आणलंय. ऐंशी वर्षांपूर्वी आमच्या घरी नुसती तार आली होती.

सगळ्यांत आधी हसलेली,
जागृती