नावाआधीची अक्षरं

१९ डिसेंबर १९९९, पुलगाव
बंडूजी वर्ध्याला दवाखान्यात. श्वास लागतो. थोरला भाऊ, कापडाचं दुकान, देवभोळा. मला पाहताच म्हणाला, "मी गेलो त माह्या नावाआधी कै. लावजो. बाबाच्या वक्ती तू स्मृतिशेष छापलं, मी चूप राह्यलो." म्हटलं, कैलासात कोण राहतं ते आधी दाखव! सभेत एक नि घरात एक, हे मला जमणार नाही. तो भिंतीकडे वळला.

२२ डिसेंबर
आर्वीला भाषण. श्री., कै., ह.भ.प. — सगळ्यांची सालं काढली. "इंग्रजांकडे पाहा! ख्रिसमसमधला ख्रिस्त काढला, त्या जागी एक्स ठेवला. धाडस लागतं!" टाळ्या.

२४ डिसेंबर
वॉर्डात रीता सिस्टर कागदी चांदणी टांगत होती. खाली 'मेरी एक्समस'. तिलाही कौतुकानं तेच सांगितलं. हसली. "काढला नाही सर, तोच आहे तिथं. ग्रीकमध्ये ख्रिस्ताचं नाव याच अक्षरानं सुरू होतं. दिसायला एक्स."
बंडूजी पलंगावरून — "घ्या! अन् हा आर्वीत टाळ्या घेऊन आला!"

२७ डिसेंबर
वाचनालयात जाडा कोश काढला. सिस्टर बरोबर. बाकीचं आणखी वाईट. हॉलिडे — मुळात पवित्र दिवस. गुडबाय — 'देव तुझ्यासोबत असो', झिजून झिजून एवढंसं उरलेलं. राम राम नको, म्हणून मी आयुष्यभर गुडबाय म्हणत आलो!

२८ डिसेंबर
बंडूजीला सांगून टाकलं. खोकला येईपर्यंत हसला. "म्हंजे रोज दुकानातून जाता जाता तू मले देवाच्या हवाली करून राह्यलता! मले त तुह्यासाठी एवढं नाई जमलं."
मी म्हटलं, वापरून वापरून शब्दातला देव निघून जातो. उरतो नुसता शब्द.
"मंग कै. मधलाबी गेलाच असंन. लाव ना. काऊन भेतं?"
निघताना गुडबाय म्हणवेना, राम रामही नाही. हात हलवला.

३० डिसेंबर
आर्वीच्या मंडळाला कळवलं — एक्सच्या बाबतीत मी चुकलो, पुढच्या सभेत तसं सांगीन. बाकीचं भाषण कायम.

३ जानेवारी २०००
बंडूजी पहाटे गेला. दुपारी त्याचा गजेंद्र पेपरात द्यायचा मजकूर दाखवायला आला. माझ्या धाकानं 'स्मृतिशेष' लिहिलेलं. खोडलं. कै. लिहिलं.
"काकाजी, तुमी?"
कैलास नाही — आजही हेच म्हणतो. पण नाव त्याचं होतं.