लीलाधरला ओट्यावर बसव

कलकत्ता, माघ वद्य पंचमी, सन १९४१

चि. कुंदास आणि जामनेरच्या आपल्या घरास दादाचे आशीर्वाद.

तुझ्या भाच्याचा, गिरधरचा ताप उतरला, काळजी नको. सकाळी त्याचे विद्यापीठात मानसशास्त्राचे वर्ग, दुपारी वेड्यांच्या इस्पितळात शिक्षण. मी त्याचा भात शिजवतो आणि शाळेतल्या कविता म्हणतो. परकर नेसून तू त्या माझ्यामागे म्हणायचीस, तो आवाज अजून कानात आहे.

तुझं पत्र वाचलं. गिरधरने पोराला बघावं म्हणून लीलाधर दारी आला. दुसऱ्या बायकोच्या पोराची वाचा गेली म्हणे. तुझं बाळ गेलं, तू बोलेनाशी झालीस, तेव्हा याच नवऱ्याने "इले बाहेरनं शे" म्हणजे बाहेरची बाधा आहे म्हणून मिरच्यांची धुरी दिली आणि तुला माहेरी आणून टाकलं. मी गिरधरला म्हटलं, "त्याला हाकलून दे, असं कुंदाला कळवतो."

"आबा, पोराचा काय दोष?" म्हणाला. मग त्याने त्यांच्या इस्पितळातली रीत सांगितली. रोग्याआधी बापाला समोर बसवतात. घरात पूर्वी कोणाचं मन दुखणाईत होतं, त्याला काय केलं, सारं त्याच्याच तोंडून काढतात. तो गप्प झाला तरी वाट पाहतात.

कुंदा, याहून गोड सूड मला नको. चैत्रात आम्ही येतो, गिरधर त्याला असाच समोर बसवेल. तू दाराआड बसून ऐक, धुरीपर्यंत सगळं.

आता झोप लागते ना तुला?

तोवर तो आलाच तर ओट्यावर बसव, पाणीसुद्धा विचारू नकोस. पोराला मात्र आत घे, दूध दे.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
छगनदादा