डिस्कच्या खाली राहिलेलं

५ जानेवारी १९८८, एकोडी
सकाळपासून तलावाची पाळ डोळ्यांपुढे. अनिल सात-आठ वर्षांचा, आम्ही दोघं उकडलेले शिंगाडे खात बसलेलो. तो दिसेल त्याचं नाव विचारायचा. शिंगाडेवाली सगुणा वैतागून म्हणायची, "तुया पोराले नावंच खाऊ घाल वो बाई, शिंगाडे कायले घेतेस?"
नागपुरात काँप्युटरची नोकरी लागली तरी सवय तीच. तलावाचे, धानाचे शब्द जमवून इथे घरी ठेवलेल्या काँप्युटरमध्ये, मशीनमध्ये, भरायचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. आज बऱ्याच दिवसांनी मशीन लावलं. त्याचे शब्द नाहीत.

७ जाने.
पोस्टातून सुष्माला फोन. सून, पण त्याच्याच ऑफिसातली, तिला कळतं. म्हणाली, मशीन जागं होताना आधी स्वतःची डिस्क जोडतं. मग तक्ता वाचतं: दुसरी डिस्क (अनिलचे शब्द तिच्यावर) कुठली, कुठल्या प्रकारची, कुठल्या कप्प्यात जोडायची. डिस्कच्या सुरुवातीला प्रकाराची खूण असते, एक आकडा. खूण तक्त्याशी जुळली नाही की जोडत नाही.
कॉन्व्हेंटातली हजेरी आठवली. नाव चुकून दुसऱ्या वर्गात गेलं, तर समोर उभी असूनही गैरहजर.
"आई, काही पुसू नका. रविवारी येते."
डिस्कच खराब झाली असेल तर अनिल दुसऱ्यांदा...

८ जाने.
राहवलं नाही. 'शब्द' कप्पा उघडला. डिस्क जोडलेली नाही, म्हणजे रिकामा हवा. आत एक फाइल. तारीख त्याच्या आजारपणातली. रोमन अक्षरांत:
आई म्हणते, चहा निवला.
आई म्हणते, पायात काही घाल.
आई म्हणते,
पुढे काही नाही.
संध्याकाळी सगुणा आली. "काहून वो बाई, अशी काहून बसून राहिली? जेवली का नाही?" फाइलचं सांगायचं सोडून भात लावायला उठले.

१० जाने., रवि.
सुष्मा आली. नाताळात तिनेच मशीनवर नवी सिस्टीम घातली होती. तक्त्यात प्रकारही नवाच लिहिला गेला. अनिलची डिस्क जुन्या प्रकारची. तिने तक्त्यातला तो एक शब्द बदलला, मशीन पुन्हा लावलं. सगळे शब्द परत.
ती फाइल मात्र नाही. सुष्माला विचारलं.
"पुसली नाही, आई. डिस्क जोडली की कप्प्यात आधी असलेलं झाकलं जातं. त्याने ती लिहिली त्या दिवशी डिस्क जोडली गेली नसेल, त्याच्या लक्षात आलं नसेल. ती वर काढून ठेवू?"
"राहू दे."
"काय लिहिलंय?"
माझंच बोलणं, म्हटलं. तिचं नाव कुठे आहे का, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१९ जाने.
नागपूरच्या डॉक्टरांनी मला पुन्हा तपासायला बोलावलंय. लिहून ठेवलेलं बरं.
मशीन सुष्माला. शब्दांची छापील प्रत सगुणाच्या नातीला, ती शाळेत जाते. माझी जपमाळ सगुणाला, तिला रंग आवडतो.
डिस्कखाली झाकलेली ती फाइलही सुष्माची. डिस्क सोडवून तिने एकटीने वाचावी. त्यात भर घालू नये.
तिसऱ्या 'आई म्हणते'ला मी काय म्हणाले होते, ते आठवून पाहते आहे. रोज मशीन लागतं, डिस्क जोडली जाते, आणि मी