दोनदाच वापरलेला मायक्रोस्कोप

८ जुलै, सोमवार. जळकोट
खोकं आलं. गुरुवारी लॅब उघडायची, बोर्डही लागलाय, आणि हे असलं! मोबाइलवरच्या जाहिरातीत होतं, "मायक्रोस्कोप, घरगुती वापर, दोनदाच वापरलेला, नव्यासारखा." फोटोत पांढराशुभ्र. आलेला पिवळट, चिकट. डोळा लावायच्या नळीवर काजळाचा थर. खाली बुडाला वाळलेलं च्युइंगगम. शंभरच्या लेन्समधून बघितलं तर नुसतं धुकं. रक्तातला मलेरिया ह्याच लेन्सनं बघायचा असतो.
विकणारे लातूरचे. फोन केला. "मॅडम, सेकंडहँड म्हटल्यावर थोडंफार असतंच." परत घेणार न्हाईत.
सुनील फडकं घेऊन आला. "स्पिरिटनं पुसून काढू की." नवऱ्याची माया कळते, पण लेन्सवर ओरखडे पडतील म्हणून फडकं हिसकून घेतलं.

९ जुलै
शेवटी बाईंना फोन. लाज वाटत होती. नांदेडच्या लॅबमध्ये सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, आणि घेताना एका शब्दानं विचारलं नाही.
"काय करून राहिलीस आत्ता?"
"बघत बसलेय त्याच्याकडं."
"बघतच बस. हात लावू नको. उद्या घेऊन ये."
रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.

१० जुलै. नांदेड
मुखेडमार्गे एस.टी.नं. खोकं पूर्ण वेळ मांडीवर. पायांना मुंग्या आल्या.
रिटायर होऊन वर्ष झालं, तरी बाईंनी पांढरा टॉवेल तसाच अंथरला, लॅबमध्ये अंथरायच्या तसा. आधी आत डोकावल्याच नाहीत. डोळे मिटले आणि बाजूचा फोकसचा नॉब हळूहळू फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "हा दोनदा न्हाई, हजारदा फिरलाय. आणि एका माणसाच्या हातानं न्हाई. काही जणांनी घाईनं फिरवलाय, काही जणांनी भीत भीत." काजळाकडं बोट दाखवलं. "क्लासमधला आहे हा. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरींचा."
तीन तास. काडीला कापूस, फुंकणी, लेन्सचा कागद. एकदाही घाई नाही. दहाची लेन्स लख्ख, चाळीसचीही. शंभरची उजेडासमोर धरून बराच वेळ बघितली. "आत बुरशी गेलीय. ही गेली."
मी म्हणाले, धुक्यातनंही अंदाज येतो थोडा.
तेव्हा बाईंनी त्र्याण्णवच्या भूकंपाचं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अठ्ठावीसच्या होत्या. तंबूत टेबल, वारा, रक्ताच्या काचेवर सारखी माती. तापाच्या माणसांची रांग. ज्या काचेवर मातीच दिसली तिच्या रिपोर्टवर त्यांनी लिहिलं, "पाहता आले नाही." साहेब भडकले. "म्हणलं, साहेब, माणसाचं घर गेलंय. आता खोटा कागद तरी नको द्यायला."
अंदाजाचं पुन्हा बोलले नाही.
मग त्यांनीच लातूरला फोन लावला. मला वाटलं, आता झाडतात. "सर, तक्रार न्हाई माझी. तुमच्या क्लासमध्ये असे किती आहेत? …बारा. मग तुमच्या पोरांना शंभरमधनं काहीच दिसत नसंल. वहीत काय काढतात ती?" पलीकडून आवाज आला, "पुस्तकातलं चित्र."
बाईंनी एवढंच विचारलं, "तुम्हाला चालतं का ते?" आणि फोन ठेवला.

११ जुलै. जळकोट
लॅब उघडली. सुनीलनं नारळ फोडला. दारावर कागद लावला: मलेरियाची तपासणी सध्या होणार नाही. सुनील म्हणाला, "पहिल्याच दिवशी न्हाई म्हणायची पाटी?" समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर वाचून गेले, पेढा न घेता. ह्या दिवसांत सगळा ताप त्यांच्याकडंच येतो.
दिवसभरात एकच माणूस. साखर तपासायला.

१६ जुलै
डॉक्टरांनी एक बाई पाठवली. थंडी-ताप, चौथा दिवस, पाच महिन्यांची पोटुशी. नवरा धरून उभा. मागोमाग डॉक्टरांचा फोन. "माझ्याकडचे मलेरियाचे किट संपलेत. बघून टाका हो, 'नाही' लिहायला काय लागतं?"
रक्त घेतलं, काच रंगवली. चाळीसमधून ठिपके. मळ असेल, नसेलही. पेन हातात होतं. खरं लिहिते, 'नाही' लिहिणारच होते.
बाईंना फोन. "काय दिसलं?"
"ठिपके."
"मग न्हाई कसं लिहिशील? काच इकडं पाठव."
कागदात गुंडाळून, डबीत घालून साडेदहाच्या गाडीच्या कंडक्टरकडं दिली. बाई स्वतः नांदेडच्या स्टँडवर जाऊन थांबल्या. गुडघे धरतात त्यांचे. तिथून रिक्षानं जुन्या लॅबमध्ये. मायक्रोस्कोपवर बसलेल्या पोरानं म्हणे आपणहून खुर्ची सोडली.
साडेतीनला फोन. "आहे. मलेरियाच. पोटुशी आहे म्हणून डॉक्टरांना लगेच सांग."
सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं." तिच्या नवऱ्यानं मला हात जोडले. मी काय केलं होतं? मी तर खोटं लिहिणार होते.

२१ जुलै, रविवार
डॉक्टर आज स्वतः आले, चहा घेऊन गेले. ती पोटुशी उठून बसतेय म्हणाले. आता काचा रोज नांदेडला जातात. बाई रोज स्टँडवर. हे किती दिवस चालणार? त्यांना विचारलं तर, "मला तेवढंच फिरणं."
लातूरच्या सरांचा फोन. माझ्याशी जेमतेम बोलले. "त्या मॅडम इथं येऊन बाराही बघतील का?" बाईंची अट एकच: बघताना पोरं समोर पाहिजेत.

२८ जुलै, रविवार. लातूर
बाई आणि मी, सकाळपासून क्लासवर. सर मध्यम वयाचे, साधे. सगळ्या पोरांपुढं बोलले, "हे आजवर कुणी साफ केलं न्हाई. मीही न्हाई." मला वाटलं नव्हतं.
बाईंनी बारा उघडले. शंभरच्या लेन्स फक्त दोन चांगल्या. त्या दोन्हींपुढं रांग लागली. बाईंनी स्वतःच्या बोटाचं रक्त काढून काच केली. एक उंच पोरगी डोळा लावून बसली ती उठेचना. मागच्या ओरडायला लागल्या. ती म्हणाली, "थांबा ना. मी दोन वर्षं चुकीचं काढून राहिले होते."
बाईंचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.
निघताना सरांनी दोनातली एक लेन्स काढून माझ्या हातावर ठेवली. "ही तुमची. मी फसवलं होतं तुम्हाला."
रांग अजून संपली नव्हती. लेन्स काढली तशी त्या रांगेतल्या पोरी मुकाट्यानं दुसऱ्या रांगेला जाऊन उभ्या राहिल्या.
बाईंकडं बघितलं. त्या टॉवेलाची घडी घालत होत्या. "माझ्याकडं काय बघतीस? लॅब तुझी."
मूठ मिटून तशीच उभी राहिले. सर म्हणाले, ठेवा, ठेवा. मी म्हणाले, पाच मिनिटं द्या, ठरवायला.