ओल्या बर्फावर कडक वॅक्स

वानाका, सोमवार

आई, तुझ्या ऋतूचा नमस्कार.

परवा सकाळी मी माझ्यासोबत सराव करणाऱ्या नीलचं ऐकलं नाही आणि तिथेच सगळं फिरलं. इथे बर्फ बघून स्कीच्या तळाला वॅक्स, म्हणजे मेण, लावतात: थंड बर्फाला कडक, ओल्याला मऊ. तो म्हणाला, "ऊन चढणार, हीरो. मऊ वॅक्स लाव." पण जिच्याबद्दल मी तुला इतकं लिहायचो, त्या इरावतीने आदल्या दिवशीच त्याच्याशी लग्न ठरल्याचं सांगितलं होतं. मी त्याचं कसं ऐकणार? मी मुद्दाम कडक वॅक्स घासलं. अर्ध्या वाटेत स्कीखाली बर्फाचे गोळे चिकटले आणि उरलेली निवड-शर्यत मी पाय ओढत संपवली. संघात माझं नाव नाही.

तब्येत ठणठणीत आहे, डाळभात दोन्ही वेळ होतो. बाबांचा गुडघा कसा आहे? 'बर्फावर घसरायला कॉलेज सोडलं' असं ते म्हणायचे, तेव्हा मी ताट सरकवून उठायचो.

इरावतीने सकाळी विचारलं, "थांबतोस ना साखरपुड्याला?" मी "हो" म्हणालो.

इथून दूर, शहराकडे, हॉर्नबीतल्या एका गोदामात काम मिळतंय. तिकडची बस दहा मिनिटांत आहे. स्की इथेच भिंतीला टेकवून ठेवल्यात, खोलीची किल्ली आत टेबलावर आहे. हे दार ओढलं की किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाही. ओढून घेतो.

तुझा,
ऋतुराज